एपीएमएल: रिपोर्टची वाट न पाहता सुरू करायचा उपचार

रक्ताचे कर्करोग अनेक आहेत. पण खात्रीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबणे थेट जिवावर बेतते, असा त्यांत ठळकपणे एकच आहे: अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. दवाखान्यांत त्याला सरसकट एपीएमएल म्हणतात. प्रौढांच्या अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमियातला हा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे दुर्मीळच. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला सगळ्या कारकिर्दीत कदाचित एखादाच रुग्ण दिसेल. पण तो रुग्ण अनेकदा तिशी-चाळिशीतला असतो, पंधरवड्यापूर्वीपर्यंत कामावर जाणारा असतो, आणि तो जगणार की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच ठरते.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. इटलीच्या फ्रान्चेस्को लो-कोको यांच्या गटाने २०१३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. कमी आणि मध्यम जोखमीच्या (औषधाआधी पांढऱ्या पेशी १०,००० किंवा कमी असलेल्या) रुग्णांना एट्रा, म्हणजे जीवनसत्त्व अ-चे एक रूप, आणि आर्सेनिक ही दोनच औषधे दिली, तेव्हा दोन वर्षांनंतर ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता जिवंत होते. एट्रा आणि केमोथेरपी घेतलेल्यांत हेच प्रमाण ८६ टक्के होते. आता दुसरा आकडा. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीत १९९७ ते २००६ या काळातले १०५ रुग्ण आहेत. त्यांतले ३० जण निदानानंतर पहिल्या तीस दिवसांतच दगावले. दोन्ही आकडे खरे आहेत. चाचणीत नाव नोंदवण्याइतपत जे जगले त्यांचा हिशोब पहिल्या आकड्यात येतो. त्याआधीच मेंदूत रक्तस्राव होऊन जे गेले, ते फक्त दुसऱ्यात दिसतात. हा लेख या दोन आकड्यांमधल्या माणसांसाठी आहे. आणि त्यांना वाचवणे हे मोठ्या कॅन्सर रुग्णालयापेक्षा त्यांना पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरच्या आणि लॅबच्या हातात जास्त असते.

आजार नेमका काय करतो

अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी टप्प्याटप्प्याने पिकतात. त्यांतला एक टप्पा प्रोमायलोसाइटचा. एपीएमएलमध्ये १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी ही अदलाबदल १९७७ मध्ये दाखवली. त्यातून पीएमएल आणि आरएआर-अल्फा ही दोन जनुके जोडली जाऊन एक जोडप्रथिन तयार होते. ते पेशीला प्रोमायलोसाइटच्या पुढे पिकू देत नाही. कच्च्या पेशी साचत जातात आणि मज्जा भरून जाते.

इथपर्यंत हा इतर ल्युकेमियासारखाच वाटतो. वेगळेपण त्या पेशींच्या अंगात आहे. त्या टिश्यू फॅक्टर सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांत जागोजागी बारीक गुठळ्या होऊन गोठवणारे घटक संपतात. शिवाय त्यांच्या पृष्ठभागावर अ‍ॅनेक्सिन-२ नावाचे प्रथिन भरपूर असते, ते प्लाझ्मिन तयार करायला मदत करते, आणि प्लाझ्मिन झालेली गुठळीही विरघळवून टाकते. प्लेटलेट आधीच कमी, फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारे प्रथिन संपत आलेले, आणि जे गोठले तेही टिकत नाही. म्हणून प्लेटलेटच्या आकड्याच्या मानाने रक्तस्राव कितीतरी जास्त दिसतो. नॉर्वेच्या लीफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले ते तीन रुग्णांवरून, आणि त्यात रक्तस्राव आणि काही आठवड्यांत येणारा मृत्यू हीच मुख्य लक्षणे होती.

पावसाळ्यात डेंग्यू समजून हुकणारा रुग्ण

ताप, अंगावर लाल पुरळ, हिरड्यांतून रक्त, प्लेटलेट वीस हजार, पांढऱ्या पेशी दोन हजार. जुलै ते ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात हा कागद पाहून पहिला शब्द डेंग्यूच निघणार, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. कमी जोखमीच्या एपीएमएलमध्येही पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात, उलट कमी असतात. ल्युकेमिया म्हणजे पेशी लाखात, ही समजूत इथे फसवते.

फरक शोधायचा तर हिमोग्लोबिन पाहा. डेंग्यूत प्लाझ्मा बाहेर झिरपल्याने रक्त दाट होते, हिमॅटोक्रिट चढते. एपीएमएलमध्ये हिमोग्लोबिन बहुधा आठ-नऊपर्यंत उतरलेले असते. रुग्णाच्या अंगावर नुसते टिपके आहेत की मोठमोठे निळे-काळे डाग आहेत, तेही पाहा. सुई टोचल्या जागेतून तासभर रक्त येते का? दात काढल्यावर दोन दिवस रक्त थांबत नाही, पाळीत अंगावरून प्रमाणाबाहेर जाते, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरले आहे, अशा तक्रारी असल्या तर प्लेटलेट कितीही असोत, गोठण्याच्या चाचण्या त्याच दिवशी व्हायला हव्यात. पाळीच्या तक्रारीवर तर सीबीसी आणि स्मिअर (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले रक्त) पाहिल्याशिवाय क्युरेटिंगला हात घालू नये. या आजारात ते जीवघेणे ठरते.

आणि स्मिअर. मशिनचा आकडा छापून रिपोर्ट देणे ही आपल्याकडच्या लॅबमधली सर्वांत महाग पडणारी सवय आहे. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली आणि सोबत हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशी बिघडलेल्या, अशी प्रत्येक स्लाइड माणसाच्या डोळ्यांखालून गेली पाहिजे. पांढऱ्या पेशी हजार-बाराशेच असतील तर साध्या स्मिअरवर कच्च्या पेशी सापडायला वेळ लागतो. तेव्हा ईडीटीएचा नमुना सेंट्रिफ्यूज करून मधला पांढुरका थर, म्हणजे बफी कोट, उचलून त्याची स्लाइड करावी. दहा मिनिटांचे काम आहे.

शोधायचे काय? मोठी पेशी, घडी पडलेले किंवा दोन भागांत विभागलेले केंद्रक, आणि केंद्रकाची कडाही दिसू नये इतके जांभळट-लाल दाणे. काही पेशींत ऑअर रॉड, म्हणजे काडीसारख्या आकृती, लाकडाच्या मोळीसारखे एकत्र बांधलेले दिसतात. अशी एक पेशी सापडली तरी पॅथॉलॉजिस्टने रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता डॉक्टरला फोन करावा. एक प्रकार मात्र चकवतो: दाणे इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ दिसतच नाहीत, आणि दोन पाळ्यांच्या केंद्रकामुळे पेशी मोनोसाइटसारखी वाटते. यात पांढऱ्या पेशी बहुधा खूप वाढलेल्या असतात, म्हणजे जोखीमही जास्त. मायलोपेरॉक्सिडेजचा रंग दिला की या पेशी गडद भरून येतात. मोनोसाइट जातीच्या पेशी तशा येत नाहीत.

गोठण्याच्या चाचण्या आणि नमुन्याच्या चुका

पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळा), फायब्रिनोजेन, डी-डायमर (विरघळलेल्या गुठळ्यांचे अवशेष). यांत फायब्रिनोजेन सर्वांत महत्त्वाचे. सर्वसाधारण पातळी २०० ते ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एपीएमएलमध्ये ती शंभराच्या आसपास किंवा खाली येते. पीटी-एपीटीटी फारसे बिघडलेले नाहीत म्हणून निश्चिंत राहू नये, फायब्रिनोजेन कोसळत असतानाही ते काही काळ ठीकठाक दिसतात.

निळ्या झाकणाची सायट्रेट नळी खुणेपर्यंतच भरायची. कमी भरली तर सायट्रेटचे प्रमाण वाढून वेळा खोट्याच लांबतात. नमुन्यात गुठळी असेल तर फायब्रिनोजेन आणि प्लेटलेट दोन्ही खोटेच कमी येतात, म्हणून नळी तिरपी करून पाहिल्याशिवाय मशिनला लावू नये. फायब्रिनोजेन क्लाउस पद्धतीने मोजलेले हवे. पीटीच्या वक्रावरून मशिन जो आकडा काढून देते तो अशा रुग्णात भरवशाचा नसतो. पहिल्या दिवसांत या चाचण्या दिवसातून दोनदा, रक्तस्राव चालू असेल तर दर सहा तासांनी. पांढऱ्या पेशींचा आकडाही रोज.

संशय आला की एट्रा

एट्रा म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अ‍ॅसिड, जीवनसत्त्व अ-चेच एक रूप. शांघायच्या रुइजिन रुग्णालयात वांग झेनयी यांच्या गटाने ते वापरले आणि १९८८ मध्ये २४ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतले २३ जण नुसत्या या कॅप्सुलवर रोगमुक्तीच्या अवस्थेत पोहोचले होते. पेशी मारून नव्हे, तर पिकवून. औषधी मात्रेतले रेटिनॉइक अ‍ॅसिड जोडप्रथिनाच्या आरएआर-अल्फा भागाला चिकटते, अडवलेली वाट मोकळी होते, प्रोमायलोसाइट पुढे न्यूट्रोफिल होतात आणि आपले आयुष्य संपवून जातात. टिश्यू फॅक्टर सोडणेही कमी होते, त्यामुळे रक्त गोठण्यातला बिघाड काही दिवसांत सुधारू लागतो. पेशी फोडणाऱ्या केमोथेरपीत सुरुवातीला नेमके उलटे घडायचे.

मात्रा रोज प्रति चौरस मीटर ४५ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६० किलो असेल तर शरीराचे क्षेत्रफळ सुमारे १.६६ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ७५ मिलिग्रॅमच्या आसपास. कॅप्सूल १० मिलिग्रॅमची असते, तेव्हा सकाळी चार, संध्याकाळी चार. जेवणासोबत द्यायची, स्निग्ध पदार्थांबरोबर ती नीट शोषली जाते. मुलांमध्ये बरेच तज्ज्ञ २५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरवर थांबतात, कारण त्यांच्यात मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका अधिक असतो.

स्लाइडवर शंका आली की पहिला डोस तासाभरात पोटात जायला हवा. मज्जेची तपासणी, फिश आणि पीसीआर या जनुकांची जोड शोधणाऱ्या तपासण्या, दुसरे मत, बदली, सगळे त्यानंतर. समजा चार दिवसांनी कळले की हा एपीएमएल नव्हे, दुसराच मायलॉइड ल्युकेमिया आहे, तर एट्रा बंद करायची. चार दिवसांच्या कॅप्सुलींनी सहसा काही बिघडलेले नसते. उलट बाजूची किंमत मेंदूतला रक्तस्राव आहे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीची गर्भचाचणी त्याच दिवशी करावी: पहिल्या तिमाहीत एट्रा गर्भाला गंभीर व्यंग आणते, आणि आर्सेनिक तर गर्भारपणात कधीच चालत नाही. अशा वेळी निर्णय तज्ज्ञाशी फोनवर बोलून, पण त्याच दिवशी.

रक्तपेढीचे काम

एट्रा सुरू झाली तरी पहिला आठवडा रक्तपेढीच्या भरवशावर निघतो. प्लेटलेट ३०,००० ते ५०,०००च्या वर आणि फायब्रिनोजेन १०० ते १५०च्या वर ठेवायचे. इतर ल्युकेमियात रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांखाली येईपर्यंत थांबतात. ती सवय इथे चालत नाही. साधी एक प्लेटलेट पिशवी आकडा पाच-दहा हजारांनी वाढवते, एसडीपीची, म्हणजे मशिनने एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेटची, एक पिशवी तीस-पन्नास हजारांनी, पण या आजारात त्या लवकर खर्ची पडतात. म्हणून दिल्यावर तासाभराने पुन्हा मोजावे.

फायब्रिनोजेनसाठी क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे प्लाझ्मातून वेगळा काढलेला गोठवणाऱ्या घटकांचा दाट भाग. प्रौढाला एका वेळी साधारण दहा पिशव्या. ते नसेल तर एफएफपी (थिजवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा), किलोमागे १५ मिलिलिटर. साठ किलोच्या माणसाला ते ९०० मिलिलिटर होते, आणि ज्याच्या फुप्फुसांत पुढे पाणी साचण्याची शक्यता आहे त्याला इतके द्रव ओतणे शहाणपणाचे नाही. म्हणून नातेवाइकांना चिठ्ठी देताना ‘प्लाझ्मा’ असे मोघम न लिहिता ‘क्रायो, १०’ असे स्पष्ट लिहावे.

आकडे सुधारेपर्यंत मानेत किंवा मांडीत सेंट्रल लाइन नको. कमरेतून पाणी काढणे नको, दंडात-कमरेत इंजेक्शन नको, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन नको. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड सर्रास लावू नये; एट्रासोबत गुठळ्यांचा धोका वाढतो आणि नियमित देऊन फायदा दिसलेला नाही. हेपॅरिनचाही नियमित उपयोग नाही. पांढऱ्या पेशी कितीही वाढल्या तरी ल्युकाफेरेसिस (मशिनने पांढऱ्या पेशी काढून टाकणे) करू नये. या आजारात त्याने रक्तस्राव भडकतो.

डोके दुखतेय, उलटी झाली, बोलणे अडखळतेय, एवढे पुरेसे आहे: लगेच डोक्याचा सीटी, आणि सीटीला नेताना प्लेटलेटची पिशवी चालू ठेवूनच.

गडचिरोलीहून नागपूर, नंदुरबारहून नाशिक किंवा थेट परळचे टाटा, असा प्रवास बऱ्याच जणांना करावाच लागतो. तो आधी एट्रा पोटात घालून, प्लेटलेट आणि क्रायो देऊन, पोचण्याच्या ठिकाणी फोन करून, पुढच्या दोन दिवसांच्या कॅप्सूल सोबत देऊन करावा. चिठ्ठीत एट्राच्या पहिल्या डोसची तारीख-वेळ, औषधाआधीचा पांढऱ्या पेशींचा आकडा आणि स्लाइड, तिन्ही हवेत. औषधाआधीचा आकडा हरवला तर जोखमीची प्रतवारीच चुकते.

खात्री करणाऱ्या तपासण्या

फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या प्रथिनांच्या खुणा ओळखणारी तपासणी, काही तासांत दिशा देते: सीडी३३ ठळक, सीडी१३ आणि सीडी११७ बहुधा सोबत, पण सीडी३४ आणि एचएलए-डीआर दोन्ही नसलेले. बारीक दाण्यांच्या प्रकारात सीडी३४ आणि सीडी२ असू शकतात, म्हणून एकट्या फ्लोवर एपीएमएल नाकारू नये. पीएमएल प्रथिनाची इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणी जिथे होते तिथे उत्तर दोन-चार तासांत मिळते. निरोगी पेशीच्या केंद्रकात मोजता येतील असे थोडे मोठे ठिपके दिसतात, एपीएमएलमध्ये त्यांची बारीक भुकटी विखुरलेली दिसते.

खरी खात्री फिश किंवा आरटी-पीसीआरने. फिशसाठी हिरव्या झाकणाची हेपॅरिन नळी, पीसीआरसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए. आरएनए लवकर मोडते, म्हणून पीसीआरचा नमुना थंड ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवावा. पीसीआर करून घेण्याचे आणखी एक कारण आहे. जोड नेमकी कुठे आहे, म्हणजे बीसीआर१ की बीसीआर३, ते त्यातून कळते, आणि पुढे आजार पूर्ण गेला का हे त्याच खुणेवर तपासायचे असते. पूर्ण गुणसूत्रचित्राला एक-दोन आठवडे लागतात. क्वचित १७ क्रमांकावरचे जनुक १५ऐवजी ११ क्रमांकावरच्या झेडबीटीबी१६ जनुकाशी जुळलेले असते. तो प्रकार एट्रा-आर्सेनिकला नीट दाद देत नाही, त्याला वेगळा उपचार लागतो.

आर्सेनिक

पांढऱ्या पेशी औषधाआधी १०,००० किंवा कमी असतील तर रुग्ण कमी किंवा मध्यम जोखमीचा, त्याहून जास्त असतील तर उच्च जोखमीचा. पहिल्या गटाला एट्रासोबत आर्सेनिक ट्रायऑक्साइड हाच आजचा प्रमाण उपचार आहे. हे औषध आले चीनच्या हार्बिनमधून. तिथे झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात आर्सेनिकचे इंजेक्शन ल्युकेमियाच्या रुग्णांना देऊन पाहिले. एट्रा जोडप्रथिनाच्या एका टोकाला धरते तर आर्सेनिक दुसऱ्या, पीएमएलच्या टोकाला. दोन्ही मिळून ते प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवतात. नुसत्या एट्रावर आजार काही महिन्यांत उलटायचा, तो या जोडीने क्वचितच उलटतो.

भारताचा यातला वाटा मोठा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २००४ या काळात ७२ नव्या रुग्णांना प्रामुख्याने एकट्या आर्सेनिकवर ठेवले. ८६ टक्के रुग्ण पूर्ण रोगमुक्तीच्या अवस्थेत आले, आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर सुमारे ७४ टक्के हयात होते. महागडी केमोथेरपी आणि तिच्यामागून येणारे जंतुसंसर्ग न परवडणाऱ्या रुग्णांच्या देशात हे काम झाले, म्हणून मला ते फार मोलाचे वाटते.

मात्रा किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, रोज. साठ किलोला ९ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असते, म्हणजे ९ मिलिलिटर, ते १०० ते २५० मिलिलिटर सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून दोन तासांत शिरेतून द्यायचे. मज्जा साफ होईपर्यंत हे रोज चालते, साधारण चार-पाच आठवडे.

आर्सेनिकची जपण्याची जागा म्हणजे हृदयाची लय. ईसीजीवरचा क्यूटी (ठोक्यागणिक हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि जास्त लांबला तर लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणून सुरू करण्याआधी एक ईसीजी आणि नंतर आठवड्यातून दोन. पोटॅशियम ४च्या वर, मॅग्नेशियम १.८च्या वर. क्यूटी हृदयगतीनुसार दुरुस्त करताना मशिन बहुधा बॅझेटचे सूत्र वापरते आणि ताप असलेल्या, धडधडणाऱ्या रुग्णात ते आकडा फुगवते. त्यामुळे औषध विनाकारण थांबवले जाते. फ्रिडेरिशियाच्या सूत्राने काढावा. ५०० मिलिसेकंदांपुढे गेला तरच आर्सेनिक थांबवून क्षार दुरुस्त करावेत आणि क्यूटी खाली आला की पुन्हा सुरू करावे. सोबतच्या औषधांवर नजर हवी: उलटीसाठी ऑनडॅन्सेट्रॉन, संसर्गासाठी लेव्होफ्लॉक्सॅसिन, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, तिन्ही क्यूटी लांबवतात, आणि आपल्याकडे वॉर्डात ती न विचारता लिहिली जातात.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, हे कळल्यावर काही घरांत सोमल किंवा हरताळ असलेली पुडी शोधली जाते. कृपा करून असे करू नका. रुग्णालयातल्या द्रावणात मात्रा दशांश मिलिग्रॅमपर्यंत मोजलेली असते, आणि यकृत, क्षार, ईसीजी वेळोवेळी पाहून पुढचा डोस ठरतो. पुडीतल्या आर्सेनिकची मात्रा कोणालाच माहीत नसते आणि ते चालू उपचाराच्या वर भर घालते. चीन आणि हाँगकाँगमध्ये तोंडावाटे आर्सेनिक देतात ते प्रमाणित केलेले औषध आहे, त्याचा या पुड्यांशी संबंध नाही.

डिफरन्शिएशन सिंड्रोम

पहिला रक्तस्रावाचा धोका ओलांडला की हा दुसरा उभा राहतो. पिकणाऱ्या पेशी रसायने सोडतात, रक्तवाहिन्या झिरपू लागतात. साधारण चारातल्या एका रुग्णाला हा त्रास होतो, बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. ताप, धाप, पायांवर सूज, रक्तदाब उतरणे, लघवी कमी, एक्स-रेवर फुप्फुसांत पांढरे ढग. न्यूमोनिया समजून नुसती अँटिबायोटिक चढवत बसले की रुग्ण हातचा जातो.

रोज सकाळी एकाच काट्यावर वजन, हीच याची सर्वांत स्वस्त आणि लवकर सावध करणारी तपासणी. चार दिवसांत तीन किलो वाढले तर धाप लागायची वाट पाहू नये. शंका आली त्याच क्षणी डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम शिरेतून, दर बारा तासांनी, किमान तीन दिवस आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत. संसर्गाची शंका असेल तर अँटिबायोटिक सोबत चालू द्या, स्टेरॉइड अडवू नका. एट्रा आणि आर्सेनिक थांबवायचे ते फक्त प्रकार गंभीर असेल तेव्हा, म्हणजे ऑक्सिजन टिकत नाही किंवा मूत्रपिंडे बंद पडत आहेत. लो-कोको यांच्या पद्धतीत पहिल्या दिवसापासूनच किलोमागे अर्धा मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन प्रतिबंध म्हणून देतात, ते देणेच बरे.

उपचार सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी वाढतात: दोन हजारांचे तीस हजारही होतात. घरचे घाबरतात, आजार वाढला असे वाटते. तसे नसते, आणि यामुळे रुग्ण उच्च जोखमीच्या गटातही जात नाही. आकडा १०,००० ते ५०,००० असेल तर हायड्रॉक्सीयुरिया ५०० मिलिग्रॅम दिवसातून चारदा, त्यापुढे १ ग्रॅम चारदा, आणि एट्रा-आर्सेनिक चालूच.

एट्राने ओठ-कातडी कोरडी पडते, त्याला व्हॅसलीन पुरे. डोके मात्र सतत दुखत असेल आणि दिसणे धूसर झाले असेल, तर रक्तस्राव नाही याची सीटीने खात्री करून डोळ्यांचा पडदा तपासावा; मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असेल तर एट्रा काही दिवस थांबवून अ‍ॅसिटाझोलामाइड देतात. यकृताच्या चाचण्या, एसजीओटी-एसजीपीटी, सामान्य मर्यादेच्या पाचपटीपुढे गेले तर औषध थांबवून, उतरल्यावर कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात.

मज्जा कधी तपासायची, आणि पुढचे महिने

चौदाव्या दिवशी मज्जा काढू नये. अर्धवट पिकलेल्या पेशी पाहून उपचार फसला असा निष्कर्ष निघतो आणि रुग्णाला नको ती केमोथेरपी मिळते. चार-पाच आठवड्यांनी, रक्तातले आकडे सावरू लागले की करावी. तेव्हा पीसीआर पॉझिटिव्ह असला तरी त्याला अर्थ नाही. अर्थ आहे तो उपचाराचा दुसरा टप्पा पूर्ण झाल्यानंतरच्या पीसीआरला. तेव्हा पॉझिटिव्ह आला तर पंधरा दिवसांत पुन्हा तपासून, तोच निकाल आला तर आजार उलटला असे धरायचे.

दुसरा टप्पा घरी राहून होतो. आर्सेनिक आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे चालू आणि चार आठवडे बंद, अशी चार चक्रे, म्हणजे ८० सलाईन. एट्रा पंधरा दिवस चालू, पंधरा दिवस बंद, सात वेळा. सुमारे सात महिने. माणूस चालता-फिरता असतो, बरे वाटत असते, आणि म्हणूनच इथे गळती होते: पेरणी आली, रजा संपली, रोजचे येणे-जाणे परवडेना. ८० सलाईनपैकी बरीचशी जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी देता येतात, ईसीजी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमची सोय असली की झाले. हे पहिल्या डिस्चार्जच्याच वेळी ठरवून घ्यावे.

उच्च जोखमीच्या रुग्णाला पहिल्या काही दिवसांतच इडारुबिसिनसारखे केमोथेरपीचे औषध जोडावे लागते, काही ठिकाणी जेमटुझुमॅब. आर्सेनिक त्यांनाही देतात. रक्तस्रावाचा धोका टळल्यावर मेंदूतल्या द्रवासाठीचा प्रतिबंधक उपचारही लागतो, आणि पीसीआर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी. कमी जोखमीत दुसरा टप्पा संपल्यावर निगेटिव्ह आला की इतका पाठलाग लागत नाही.

खर्चाचे पहिल्याच दिवशी बोलावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन भेटावे. मंजुरीला वेळ लागत असेल तर एट्राच्या पहिल्या कॅप्सूल मात्र घरच्यांनी किंवा रुग्णालयाने तेव्हाच आणाव्यात.

आणि त्या कॅप्सूल जवळ असाव्यात. ब्राझील, मेक्सिको, चिली आणि उरुग्वेच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन एट्रा लगेच देणे, रक्तघटकांची लक्ष्ये ठरवणे आणि तज्ज्ञांशी सतत बोलत राहणे एवढे शिस्तीने केले, तेव्हा ब्राझीलमध्ये आधी सुमारे ३२ टक्के असलेले सुरुवातीचे मृत्यू त्यांच्या रुग्णांत १५ टक्क्यांवर आले. २०१३ चा हा अनुभव आपल्या जिल्हा रुग्णालयांना जसाच्या तसा लागू पडतो. प्रौढाला दिवसाला आठ म्हणजे तीन दिवसांना २४ कॅप्सूल. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने आणि मोठ्या खासगी रुग्णालयाने निदान एवढा साठा रक्तपेढीजवळच्या कपाटात ठेवावा, प्रकाश आणि दमटपणापासून दूर, तीस अंशांच्या आत. मुदत संपायला चार महिने उरले की त्या कॅप्सूल जवळच्या कॅन्सर केंद्राला वापरायला द्याव्यात आणि बदल्यात नव्या घ्याव्यात.